धरणाच्या वर की खाली?

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी सहकुटुंब आल्प्सची सहल करून आली. फोनवर म्हणाली, "काकू, तुम्ही फळ्यावर काढून दाखवायच्या ना, ती यू आकाराची दरी या डोळ्यांनी बघून आले!" मला हसू आलं. तेहेतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर दोन दऱ्या काढायची. नदीने कोरलेली इंग्रजी व्ही अक्षरासारखी, हिमनदीने खरवडलेली यू अक्षरासारखी. आल्प्स मात्र नकाशातच पाहिला, आणि आता गुडघ्यांची तब्येत पाहता तो तिथेच राहणार! पुतणीने दोनशे फोटो पाठवले. ते बघताना वाटलं, आपण ज्या खोऱ्यात आयुष्याची ऐन वर्षं काढली त्याच्याबद्दल आपल्याच घरातल्या मुलांना किती माहीत आहे? हेमलकसा म्हटलं की डॉ. प्रकाश आमटे, बिबटे आणि तो २०१४ सालचा चित्रपट. बस्स. म्हणून आज हा धडा. परीक्षा नाही, घाबरू नका.

आधी नकाशा. महाराष्ट्राच्या नकाशात उजवीकडे खाली जो कोपरा छत्तीसगडमध्ये घुसलेला दिसतो तो गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी हा सगळा भाग चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा जिल्हा होता. चंद्रपूरहून निघायचं, आलापल्लीला यायचं, तिथून पूर्वेकडे जंगलातून साठेक किलोमीटर गेलं की हेमलकसा, आणि जरा पुढे भामरागड. भामरागडला तीन नद्या भेटतात. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा.

इंद्रावती यातली थोरली. ती ओडिशात कालाहंडीच्या डोंगरात उगम पावते, बस्तरच्या पठारावरून वाहत येते, जगदलपूरच्या पुढे चित्रकोटला धबधब्याच्या रूपाने उडी घेते, आणि मग बरंच अंतर महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांच्यामधली हद्द होऊन वाहते. पाचशे पस्तीस किलोमीटरचा प्रवास करून ती सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. पर्लकोटेला पलीकडे कोटरी म्हणतात. तिच्या इकडच्या नावात परळकोटच्या जमीनदारीची आठवण आहे. तिथे १८२४-२५ साली गेंदसिंह नावाच्या जमीनदाराने मराठे आणि इंग्रज दोघांच्या अंमलाविरुद्ध अबुजमाडच्या लोकांना घेऊन उठाव केला होता. त्याला फाशी झाली ते वर्ष १८२५. अठराशे सत्तावन्न शिकवायला आपण मीरतेपासून सुरुवात करतो. आमच्या नदीच्या नावातच त्याच्या आधीची तीस वर्षं दडलेली आहेत.

आता मुलांना नेहमी गंमत वाटायची ती गोष्ट. आल्प्स म्हणजे बर्फ आणि चांदा म्हणजे ऊन. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला त्याला वेगळं सांगायला नको. पण याच चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठी खडकावर हिमनदीने ओरखडे काढलेले आहेत! एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांनी ते शोधून नोंदवले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा सारा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि त्यावर बर्फाचे थर होते. बर्फ सरकताना तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासत गेले. आल्प्समधल्या दऱ्यांत असे ओरखडे दिसतात ते काही हजार वर्षांपूर्वीचे. आमचे तीस कोटी वर्षांचे.

त्या काळी दक्षिणेकडचे सगळे खंड एकत्र होते. त्या महाखंडाला नाव मिळालं गोंडवन! भारतात सापडणाऱ्या कोळशाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी आधी गोंडांच्या मुलखावरून नाव दिलं, आणि मग एडुआर्ड झ्यूस नावाच्या व्हिएन्नाच्या प्राध्यापकाने १८८५ च्या सुमारास ते अख्ख्या महाखंडाला लावलं. हा झ्यूस आल्प्सचा अभ्यासक. आल्प्स कसे उभे राहिले यावर त्याने पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे आल्प्सच्या माणसाने दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत या सगळ्यांच्या आईला आमच्या गोंडांचं नाव दिलं. हे सांगितलं की वर्गातल्या गोंड-माडिया मुलांच्या पाठी ताठ होत. पाठ्यपुस्तकात आपलं नाव फारसं न सापडलेल्या मुलांना जगाच्या नकाशात ते असं सापडत असे.

पश्चिमेला सिरोंचाकडे प्राणहिता-गोदावरीचं खोरं आहे. जमीन खचून तयार झालेली ती लांबच लांब घळ, आणि तिच्यात साचलेल्या थरांत डायनासोरची हाडं सापडली. 'बारापासॉरस' हा प्रचंड डायनासोर त्याच खोऱ्यातला. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा केला आहे. भामरागडच्या बाजूला मात्र खडक बस्तरचे. बस्तरच्या पठारात तीन अब्ज वर्षांहून जुने खडक सापडले आहेत. त्या मानाने आल्प्स पर्वत म्हणजे परवा जन्मलेलं बाळ!

खडकांचा इतिहास सापडतो, माणसांचा सापडणं कठीण. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी घेतलं, भोसल्यांचं इंग्रजांनी १८५३-५४ मध्ये. १८५८ मध्ये अहेरीच्या बाजूच्या मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. मग जंगलखातं आलं, राखीव जंगल आलं, आलापल्लीचा साग लांब लांब जाऊ लागला. हे सगळं कागदावर आहे, कारण ते बाहेरच्यांनी लिहिलं. माडिया लोकांनी आपला इतिहास कागदावर ठेवला नाही. त्यांनी तो दगडात ठेवला. गावाबाहेर मेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला उंच दगड मी प्रथम पाहिला तेव्हा मला वाटलं काही पुरातन असेल. सोबतचा मुलगा म्हणाला, "हा माझा आजा." युरोपात असले दगड म्हणजे चार-पाच हजार वर्षांपूर्वीचा इतिहास. आमच्याकडे नातवाला माहीत असलेला आजोबा!

आमचे हे वनखात्यात होते. लग्नानंतर मी आलापल्लीला आले, नोकरीला लागले. त्याच सुमाराला, २३ डिसेंबर १९७३ ला, बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता. तेव्हाच्या रस्त्याबद्दल काय सांगू? रस्ता असा नव्हताच. पावसाळा लागला की नाले भरत आणि पलीकडचा मुलूख आमच्यापासून काही महिन्यांसाठी तुटे. ह्यांच्याबरोबर मी तिकडे गेले तेव्हा वीज नव्हती, दुकान नव्हतं. प्रकाशभाऊ आणि मंदाताई झाडाखाली रोगी बघत. १९७६ मध्ये तिथे शाळा सुरू झाली. त्यांच्याबद्दल इतरांनी खूप लिहिलं आहे आणि स्वतः त्यांनीही लिहिलं आहे, तेव्हा मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायची आहे ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट, जी आता लोकांच्या विस्मरणात चालली आहे.

गोदावरीच्या पाण्याचं वाटप करायला १९६९ मध्ये लवाद नेमला होता, त्याचा अंतिम निवाडा १९८० ला आला. त्या वाटपाच्या हिशेबात आमच्या मुलखातली दोन मोठी धरणं होती. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम. नकाशावर पाहिलं तर जागा अगदी पुस्तकातल्यासारख्या. मोठी नदी, भरपूर पाऊस, दोन्ही बाजूंना उंचवटा. बाकी राहिलं जंगल आणि त्यातली माणसं.

त्या वर्षी आठवीच्या वर्गात मी बहुउद्देशीय प्रकल्प शिकवत होते. भाक्रा-नांगल, कोयना, जायकवाडी. फायदे एक ते सहा फळ्यावर लिहून झाले होते. इंद्रावतीकाठचा एक मुलगा आमच्याकडे वसतिगृहात राहून शिकत होता. फारसं बोलत नसे, कारण माडिया ही त्याची भाषा आणि मराठी त्याला जपून वापरावी लागे. तो उभा राहिला आणि म्हणाला,

"बाई, आमचं गाव धरणाच्या वर आहे की खाली?"

बाकीची मुलं हसली. पण प्रश्न अगदी नेमका होता. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. नदी काढली, धरणाची भिंत काढली, समोच्च रेषा काढल्या. त्याचं गाव भिंतीच्या वरच्या अंगाला येत होतं. "वर," मी म्हटलं. त्याचा चेहरा उजळला. वर म्हणजे सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. मग मी निळा खडू घेतला आणि पाणी कसं मागे मागे फुगत जातं ते दाखवलं. एकेक समोच्च रेषा निळी होत गेली. त्याचं गाव निळ्याखाली गेलं. तो काही बोलला नाही, जागेवर जाऊन बसला. फळ्यावरचे सहा फायदे तसेच होते. मी त्यांच्या खाली एक रेघ मारली आणि तोटे असं लिहिलं. पाठ्यपुस्तकात तो रकाना नव्हता.

त्याच दिवसांत आमचे हे बुडीत पट्ट्यातल्या झाडांची मोजणी करायला आठ-आठ दिवस बाहेर असत. साग इतके, ऐन इतके, बिजा इतके, घेर अमुक. परत आले की जेवायचे आणि गप्प बसायचे. एकदा एवढंच म्हणाले, "मोहाच्या झाडाची किंमत काय लावायची ते सांग." इमारती लाकूड म्हणून मोहाला फारसा भाव नाही. पण मोहफूल, टोळी, त्यांचं तेल, सणावारी दारू, उन्हाळ्यातलं अर्धं अन्न हे सगळं त्या एका झाडाचं. एका कुटुंबाची चार मोहाची झाडं बुडाली तर त्याचा रकाना कोणता?

जग केवढंही मोठं असो, खोरी एकमेकींसारखीच असतात. पुतणीच्या फोटोंत एक फोटो असा होता की पाहतच राहिले. निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर, आणि पाण्याच्या मधोमध चर्चचा एकटा मनोरा. तिने खाली लिहिलं होतं, "किती सुंदर!" मी शोधून वाचलं. हे इटलीच्या उत्तर टोकाचं, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतचं ग्राउन नावाचं गाव. १९५० मध्ये विजेसाठी बांधलेल्या धरणात ते बुडालं. घरं आधी पाडून टाकली, शेतं पाण्याखाली गेली, आणि चौदाव्या शतकातला तो मनोरा तेवढा ठेवला. गावकऱ्यांची भाषा जर्मन. धरणाची सूचना लागली ती मात्र इटालियन भाषेत, त्यामुळे कुणाला कळलंच नाही, असं तिथे सांगतात. गावचे धर्मगुरू दाद मागायला रोमला पोपपर्यंत गेले. उपयोग झाला नाही. आता लोक तिथे फोटो काढतात.

आणि दुसरं व्हायॉन्त. तेही इटलीतलंच, डोलोमाइट डोंगरांच्या कुशीतलं. २६२ मीटर उंचीचं धरण, त्या काळी जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. डोंगर सरकतोय असं गावकरी सांगत होते. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री अख्खा डोंगरउतार जलाशयात कोसळला, पाणी भिंतीवरून उसळलं आणि खालची लोंगारोने वगैरे गावं धुऊन गेली. सुमारे दोन हजार माणसं मेली. धरणाची भिंत मात्र जागची हलली नाही, आजही उभी आहे. अभियंत्यांचं गणित भिंतीपुरतं बरोबर होतं!

त्या मुलाला तेव्हा या दोन गोष्टी माहीत असत्या तर त्याने विचारलं असतं, मग खाली असून काय उपयोग, आणि वर असून काय उपयोग?

आमच्या खोऱ्याचं नशीब निराळं निघालं. पण ते आपोआप निघालं नाही. १९८३ मध्ये बाबा आमट्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून ही धरणं थांबवा म्हणून सांगितलं. १९८४ मध्ये 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. राजे लाल श्यामशाह यांच्यासारखे आदिवासींचे नेते त्यात होते. गावागावांतून माणसं पायी आली. ज्यांना लवाद म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण पाणी कुठवर येणार ते नेमकं ठाऊक होतं, अशी माणसं. धरणांचं काम पुढे सरकलं नाही. खोरं राहिलं.

याचं पुढचं फळ मला जास्त मोलाचं वाटतं. त्या आंदोलनात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव होतं. धरण थांबलं तरी त्या गावाने बैठका थांबवल्या नाहीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गाव एकमताने निर्णय घेत राहिलं. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक झालं, आणि २०११ मध्ये त्याने आपला बांबू आपण विकला. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. मेंढ्याच्या लोकांनी जे केलं ते आता जिल्ह्यातली शेकडो गावं करू पाहतात.

मग धोका टळला का? शिक्षिकेला खोटं लिहिता येत नाही. गोदावरीवर खाली मेडिगड्ड्याला २०१९ मध्ये मोठा बॅरेज झाला. पलीकडचा काठ तेलंगणाचा, अलीकडचा आमच्या सिरोंच्याचा, आणि अलीकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनीत पाणी शिरू लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले. इंचमपल्लीचं नाव नदीजोडच्या प्रस्तावात पुन्हा येत असतं. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून २०२१ पासून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागलं आहे. त्यातून कुणाला नोकरी मिळाली, कुणाच्या पूजेचा डोंगर गेला. भामरागडला २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुन्हा पुन्हा शिरलं. रस्ते, टॉवर, दवाखाने व्हायलाच हवेत. ज्या मुलखात बाळंतिणीला खाटेवर घालून नदी ओलांडावी लागली तिथे रस्त्याला कोण नको म्हणेल? प्रश्न त्या मुलाचाच आहे. प्रत्येक वेळी काही नवीन येताना आमचं गाव वर येतं की खाली, हे त्या गावाला आधी, आणि त्याच्या भाषेत, कोण सांगतं?

भाषेचं म्हणाल तर आल्प्सकडून एक चांगली गोष्टही शिकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या काही दऱ्यांत रोमान्श नावाची भाषा आहे. बोलणारे लाखभरही नाहीत. पण १९३८ मध्ये सगळ्या देशाने मतदान करून तिला चौथी राष्ट्रीय भाषा केलं, आणि त्या दऱ्यांतल्या मुलांना तिच्यात पुस्तकं आहेत. माडिया मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासमोर मराठी नावाची परदेशी भाषा उभी असते. गेल्या काही वर्षांत माडियातून शिकवण्याचे प्रयत्न होऊ लागले आहेत. ते टिकावेत, एवढंच.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून पुढे गेला आहे. शिकला, स्वतः गुरुजी झाला, आपल्याच भागात. अजूनही मला बाईच म्हणतो. आमचे हे गेल्याला सहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, गावाचा वनहक्काचा आराखडा करतोय, जुन्या काळी कुठे कोणती झाडं होती याची नोंद कुठे मिळेल का? ह्यांच्या खासगी टिपणवह्या मी टाकल्या नव्हत्या. त्यातली एक त्या मोजणीच्या दिवसांतली निघाली. ओढ्यांची नावं, झाडांची संख्या, घेर, सगळं पेन्सिलीने. बुडणार म्हणून मोजलेलं जंगल.

मी ती वही त्याला दिली. आठ दिवसांनी त्याने पानांचे फोटो पाठवले. प्रत्येक मराठी नावापुढे त्याने गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून माडिया नाव लिहिलं होतं. काही ओढ्यांची नावं ह्यांनी चुकीची ऐकली होती, तीही दुरुस्त केली होती. शेवटच्या पानावर मोहाच्या झाडांची नुसती संख्या होती. तिथे त्याने प्रत्येक झाड कोणत्या घरचं ते लिहिलं आहे. अठ्ठावीस झाडांपैकी एकवीस आजही उभी आहेत.